वडिलांच्या एस्टीममध्ये बलेनोचं इंजिन बसवू का?

वाचकाचं पत्र

काका, मी कुर्टीला राहतो. वय २५, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी. आमच्याकडे २००४ सालची मारुती एस्टीम व्हीएक्सआय आहे. बाबांनी नवी घेतली होती, अजून त्यांच्याच नावावर आहे. बाबा कदंबमध्ये, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेत, ड्रायव्हर होते. आता निवृत्त झालेत आणि गुडघ्यांमुळे गाडी चालवत नाहीत. गाडी मीच वापरतो आणि माझा तिच्यावर फार जीव आहे. अलॉय घातले, नवे स्पीकर लावले, सीट कव्हर केली. पण पळायला ती कमी पडते. मामाकडे खानापूरला जाताना चौघं बसून एसी लावला की अनमोड घाटात तिसऱ्या गिअरला धापा टाकते. पणजीच्या रस्त्यावर मित्रांच्या पोलो आणि स्विफ्ट सहज पुढे निघून जातात. म्हापशाच्या एका गॅरेजवाल्याकडे जुन्या बलेनोचं १६०० सीसीचं इंजिन आहे. वायरिंगसकट बसवून ८५ हजार सांगतो. “सगळं बोल्ट टू बोल्ट बसतं, इंजिन नंबरचं मी बघून घेतो,” म्हणतो. दहा हजार ॲडव्हान्स मागतोय. बसवू का? काय काय बदलावं लागेल? आरटीओला कळतं का? आणि बाबांना आधी सांगू की काम झाल्यावर?
– स., कुर्टी, फोंडा

प्रिय स.,

ॲडव्हान्स देऊ नकोस आणि हे इंजिन बसवू नकोस. नुसतं ‘नको’ ऐकून तुझं समाधान होणार नाही, आणि व्हायलाही नको. तुझी इच्छा काही वेडगळ नाही. हप्त्यावर नवी गाडी घेणं सोपं असताना वडिलांची वीस वर्षांची गाडी तू जिवापाड जपतोयस, याचं मला कौतुक आहे. म्हणून कारणं नीट मांडतो.

गॅरेजवाला एका बाबतीत खरं बोलतोय. एस्टीमचं १३०० आणि जुन्या बलेनोचं १६०० ही सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली इंजिनं. दोन्हींत चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, वर एकच कॅमशाफ्ट आणि टायमिंग बेल्ट. गिअरबॉक्स इंजिनाला जिथे जोडतात तिथलं बरंच काही जुळतं. एस्टीम आणि जिप्सीमध्ये हे इंजिन बसवायची हौस आपल्याकडे म्हणूनच जुनी आहे. बसतं का, एवढंच विचारशील तर हो, बसतं.

आता बसवून हाती काय लागतं ते बघ. तुझ्या एस्टीमचं इंजिन १२९८ सीसीचं. बोअर ७४ मिलिमीटर, स्ट्रोक ७५.५. बलेनोचं १५९० सीसीचं. बोअर ७५, स्ट्रोक ९०. म्हणजे सिलिंडर रुंदीला जेमतेम एक मिलिमीटर वाढलाय, सगळी वाढ पिस्टनच्या वर-खाली जाण्यात आहे. त्यामुळे खालच्या फेऱ्यांवर ओढ वाढते हे खरं. एस्टीमचा टॉर्क साधारण ११० न्यूटन मीटर, बलेनोचा १३० च्या आसपास. पण ताकद? एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या) एस्टीमची ८५ बीएचपी आणि बलेनोची ९४. पंच्याऐंशी हजार रुपये घालून तुला नऊ घोडे मिळणार, तेही दोन्ही इंजिनं नवी असती तर. ही बलेनो म्हणजे आजची हॅचबॅक नव्हे. ती सेडान १९९९ साली आली आणि २००७ मध्ये एसएक्स४ आल्यावर तिचा काळ संपला. म्हणजे त्या गॅरेजात पडलेलं इंजिन तुझ्या इंजिनाइतकंच म्हातारं, कदाचित जास्तच. तुझ्या इंजिनात ऑइल कधी बदललं, ते कधी तापलं होतं का, हे सगळं बाबांना ठाऊक आहे. त्या इंजिनाबद्दल कुणालाच काही ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट, जी गाडी चालवताना तुला रोज जाणवेल. लांब स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टनला तेवढ्याच फेऱ्यांत जास्त अंतर कापावं लागतं. ६००० आरपीएमला तुझ्या इंजिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला १५ मीटर धावतो, बलेनोचा १८ मीटर. एस्टीमचं सोळा व्हॉल्व्हचं इंजिन चार हजारांच्या वर गेलं की मोकळं होतं, गाऊ लागतं. ज्यांनी ती गाडी मनापासून चालवली आहे त्यांना हाच गुण आवडतो. रॅलीत आणि चेन्नईच्या ट्रॅकवर ती इतकी वर्षं पळत राहिली त्यात या इंजिनाचाही वाटा आहे, आणि तू नेमकं तेच काढून टाकायला निघालायस.

बदलावं काय काय लागेल, असं तू विचारलंस. लांब स्ट्रोकमुळे १६०० चा ब्लॉक उंचीला जास्त आहे. म्हणजे बॉनेटखालची जागा, इनटेक, एक्झॉस्टचा पुढचा पाइप, सगळं पुन्हा जुळवावं लागतं. माउंटिंग बदलावी लागतात किंवा ब्रॅकेट वेल्ड करावे लागतात, आणि इथे मला तुझ्या गाडीची सगळ्यात जास्त काळजी वाटते. गोव्याच्या पावसात वीस वर्षं काढलेल्या एस्टीमचा पुढचा क्रॉसमेंबर, एप्रन, शॉकॲब्सॉर्बर जिथे बसतो तो भाग, हे सगळं वरून रंगवलेलं छान दिसतं. स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितल्याशिवाय आतला गंज कळत नाही. अशा पत्र्यावर नवा ब्रॅकेट वेल्ड केला तर वेल्डिंग टिकतं, शेजारचा पत्रा फाटतो. इंजिन हललं की एक्सलवर ताण येतो, गिअर लिंकेज ओढलं जातं, आणि एखाद्या दिवशी मोले सोडून घाट चढताना गाडी जागच्या जागी बसते.

मग वायरिंग. हा भाग गॅरेजवाला एका शब्दात सांगून मोकळा झालाय, पण खरी मेहनत यातच आहे. बलेनोचं इंजिन बलेनोच्या ईसीएमवरच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या तिच्याच कॉम्प्युटरवर, नीट चालणार. तिचे सेन्सर, तिचे इंजेक्टर, तिची वायरिंग लूम. एस्टीमचा ईसीएम लावून १६०० सीसीला १३०० च्या हिशेबाने पेट्रोल पाजलं तर इंजिन लीन चालतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. लीन चालणारं इंजिन गार रस्त्यावर काही बोलत नाही, घाटात भर दुपारी पिस्टन जाळतं. तोडून, जोडून, टेप गुंडाळून केलेल्या वायरिंगवर जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी मारलं की कुठला जोड कधी हिरवा पडेल हे कुणालाच सांगता येणार नाही. रेडिएटर, पंखा, क्लच प्लेट, सायलेन्सर हे सगळं मी नुसतं नाव घेऊन सोडतो. ८५ हजारांत यातलं काय धरलंय ते कागदावर लिहून माग, म्हणजे आकडा कुठे जातो ते तुला कळेल.

ब्रेकबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण पत्रात तो शब्दच नाही. अलॉय आहेत, स्पीकर आहेत, सीट कव्हर आहेत. ब्रेकचे होज कधी बदलले? ब्रेक ऑइल कधी बदललं? मागच्या व्हील सिलिंडरमधून गळती आहे का? वेग वाढला की थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ऐवजी १०० ने जाणारी गाडी थांबवायला ब्रेकना दीडपटीहून जास्त उष्णता सोसावी लागते. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही, एअरबॅग नाही, अशी ती गाडी आहे. तिच्यात पुढच्या चाकांवर आणखी वजन आणि आणखी ओढ घालायची आणि ब्रेक २००४ चेच ठेवायचे, हे मला कुणी कितीही समजावलं तरी पटणार नाही.

आता आरटीओ. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाने गाडीत करायचा नाही. सीएनजी किंवा इलेक्ट्रिकचं मान्यताप्राप्त किट बसवायला वाट ठेवली आहे, त्यासाठी परवानगी आणि नोंद लागते. इंजिन निकामी झालं तर त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन परवानगी घेऊन बसवता येतं आणि आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) नवा नंबर चढतो. पण १३०० च्या जागी १६०० म्हणजे सीसी बदलली, गाडीची ओळखच बदलली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच कलम स्पष्ट करताना सांगितलं की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला छेद देणारा बदल करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यानुसार परवानगीबाहेरचा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

कळतं का, तर कळतं. नाक्यावरच्या हवालदाराला कदाचित कळणार नाही. पण तुझी गाडी २००४ ची. पंधरा वर्षं २०१९ ला संपली, पुढची नोंदणी पाच-पाच वर्षांची, म्हणजे २०१९ ला आणि २०२४ ला झाली असणार आणि पुढची २०२९ ला. त्या वेळी गाडी फोंड्याच्या आरटीओत अधिकाऱ्यासमोर उभी करावी लागते. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतात. बलेनोच्या ब्लॉकवरचा नंबर तिथे जुळणार नाही.

आणि म्हणूनच “नंबरचं मी बघून घेतो” हे त्याचं वाक्य वाचून मी तुला तातडीने उत्तर लिहायला बसलो. त्याचा अर्थ एकच होतो. बलेनोच्या ब्लॉकवरचा नंबर घासून तिथे तुझ्या एस्टीमचा नंबर पंच करायचा. बाळा, हा मॉडिफिकेशनचा विषय उरलाच नाही, हा फौजदारी गुन्हा आहे. चोरीच्या गाड्या विकणारे हेच करतात, आणि खोडलेल्या नंबराची गाडी सापडली की पोलीस पहिला संशय तोच घेतात. त्या इंजिनाचा मूळ मालक कोण, ती गाडी रीतसर भंगारात गेली होती की अपघातात सापडलेली होती की कुठून उचललेली होती, याचा एकही कागद तुझ्याकडे नसेल. ज्या गॅरेजात ही गोष्ट इतक्या सहज बोलली जाते तिथे ऑइल बदलायलासुद्धा जाऊ नकोस.

तुझा शेवटचा प्रश्न, बाबांना आधी सांगू की नंतर. माझ्या मते पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि तू तो शेवटच्या ओळीत टाकलास. वर मी तीनदा ‘मालक’ म्हटलं. कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर आरसी आहे तो. तू नव्हेस, बाबा. १८२-अ ची नोटीस त्यांच्या नावाने निघेल. नंबर खोडलेला सापडला तर पहिली चौकशी त्यांची होईल. आणि देव न करो, पण गाडीखाली कुणी आलं, तर भरपाईचा दावा मालकावर जातो. इतक्या जुन्या गाडीचा विमा बहुधा थर्ड पार्टीच असणार. गाडी न कळवता बदलली होती हे पुढे आलं की विमा कंपनी हात वर करायला कारण शोधते. न्यायाधिकरणाने जखमीला किंवा मृताच्या घरच्यांना आधी पैसे द्यायला लावले, तरी ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभा कंपनीला दिली जाऊ शकते. मृत्यूच्या दाव्यात ही रक्कम लाखांत जाते. निवृत्त माणसाकडे काय असतं? पीएफचे साठवलेले पैसे आणि राहतं घर.

ज्या माणसाने कदंबची बस चालवत आयुष्य काढलं, रोज पन्नास लोकांना सुखरूप पोचवलं, त्याच्या नावावर असं काही त्याला न सांगता चढवायचं? तू असं मुद्दाम करणार नाहीस हे मला पत्रावरून दिसतंय. तुझ्या डोक्यात ते सरप्राइज असेल, किंवा ‘नाही’ ऐकावं लागेल याची धास्ती असेल. दोन्ही सोडून दे. आजच रात्री जेवताना सांग की गाडी घाटात दमते आणि मला तिचं काहीतरी करायचंय.

आणखी एक, थोडं कडू बोलतो. मित्र पुढे निघून जातात हे तू ज्या रस्त्याबद्दल लिहितोस तो फोंडा-बाणस्तारी-जुने गोवे-पणजी. त्या रस्त्यावर कुर्टीच्या माणसाला मी काही नवं सांगावं असं नाही. ६ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी बाणस्तारीच्या पुलावर एका भरधाव गाडीने तीन जीव घेतले. त्यात दिवाडीचं एक जोडपं होतं. तो पूल तू रोज ओलांडतोस. त्या रस्त्यावर गुरं आडवी येतात, देवदर्शनाला आलेल्या परगावच्या गाड्या मंगेशीच्या वळणावर अचानक ब्रेक मारतात, पावसात डांबरावर लाल चिखलाचा थर बसतो. तिथे पोलोच्या पुढे जाऊन तुला जे मिळेल ते मिळवण्यासारखं नाही.

वेगाची भूक खरी असेल, आणि पंचविशीत ती असते, तर तिला रीतसर जागा दे. गोव्यात कायमचा ट्रॅक नाही. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा आहे, कोईमतूरला करी मोटर स्पीडवे आहे. स्पर्धेत उतरायचं तर एफएमएससीआयचा, म्हणजे देशातल्या मोटरस्पोर्ट महासंघाचा, परवाना काढावा लागतो, रोल केज, हेल्मेट, हार्नेस, अग्निशामक हे सगळं नियमात बसवावं लागतं. १६०० चं इंजिन बसवलेली एस्टीम अशा ठिकाणी, स्पर्धेच्या नियमांत बसत असेल तर, ट्रेलरवरून नेऊन पळवण्यात मला गैर काही दिसत नाही. पण त्यासाठी दुसरी, रस्त्यावरून कायमची उतरवलेली, नोंदणी रद्द केलेली गाडी घे. बाबांची नको. आणि रस्त्यावरच थोडी जास्त चपळ गाडी हवी असेल तर कंपनीने तशीच बनवलेली शोध. पोलो जीटी टीएसआय, किंवा २०१७ ते २०२० मध्ये मिळत होती ती एक लिटर टर्बोची बलेनो आरएस, १०१ बीएचपीची. अशी वापरलेली गाडी घेशील तर तिचे ब्रेक, सस्पेन्शन, कूलिंग सगळं त्या ताकदीच्या हिशेबाने आलेलं असेल आणि आरसी तुझ्या नावावर असेल. ८५ हजार त्यासाठी बाजूला ठेवायला सुरुवात म्हणून वाईट नाहीत.

आता तुझ्या एस्टीमचं काय करायचं ते सांगतो, आणि यातच मला सगळ्यात जास्त रस आहे. माझी खात्री आहे की तुझ्या गाडीला ताकद कमी नाही, तिची ताकद कुठेतरी गळतेय. व्यवस्थित असलेली एमपीएफआय एस्टीम चौघांना घेऊन अनमोड चढताना धापा टाकत नाही. वजनाला ती हजार किलोच्या आतली, आजच्या बऱ्याच गाड्यांपेक्षा हलकी. २००४ मध्ये जी गाडी बाबांनी शोरूममधून आणली तिच्यात ८५ घोडे होते. आज त्यातले किती उरलेत हे मोजलेलं नसताना दुसरं इंजिन विकत घ्यायला निघणं म्हणजे थर्मामीटर न लावता ऑपरेशनची तारीख घेणं.

पैसे लागत नाहीत तिथून सुरू कर. सपाट, रिकाम्या रस्त्यावर चौथ्या गिअरला पन्नासच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाब. आरपीएमचा काटा झपकन वर गेला आणि वेग मागे राहिला तर क्लच स्लिप होतोय, इंजिन निर्दोष आहे. मग पंधरा-वीस मिनिटं चालवून, ब्रेक फारसे न लावता गाडी थांबव आणि चारही चाकांच्या जवळ हात ने. अलॉयला लगेच हात लावू नकोस, पोळेल. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय आणि तू घाटभर तो ओढत नेतोयस. अलॉय मूळ मापाचे आहेत का तेही बघ. एस्टीमची रिम १३ इंची. दिसायला छान म्हणून मोठे, जड अलॉय आणि रुंद टायर घातले असतील तर तिसऱ्या गिअरमधला दम तिथेच गेला असण्याची बरीच शक्यता आहे. हे तू पत्रात लिहिलं नाहीस, आणि मला पहिला संशय त्याचाच येतो. टायरच्या कडेला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा-सात वर्षांहून जुना टायर असेल तर त्यावर घाटात भरवसा ठेवू नकोस, नक्षी कितीही शिल्लक असली तरी.

मग चांगल्या, जुन्या मारुती हाताळलेल्या मेकॅनिककडे जा. फोंड्यात असे हात अजून आहेत आणि बाबांना ते माहीत असतील. त्याला कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांग. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, इग्निशन आणि पेट्रोल बंद ठेवून, ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सेल्फ मारायचा. चारही सिलिंडरांत साधारण १२ किलोच्या वर प्रेशर आलं आणि चारांमधला फरक एक किलोच्या आत राहिला, तर इंजिन धडधाकट आहे. मग टॅपेट सेटिंग, इंजेक्टर क्लीनिंग, प्लग, प्लग केबल, एअर फिल्टर, फ्युएल पंपाचं प्रेशर, आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदलाय का, एवढं बघून घे. टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला हे कुणाला आठवत नसेल तर तो बदलूनच टाक. एखाद्या सिलिंडरात प्रेशर कमी आलं तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. प्रेशर वाढलं तर रिंग गेल्यात, तेवढंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

आणि रिंग गेल्या असतील तर तुझ्या हौसेला खरी वाट तिथे मिळेल. याच ब्लॉकचं बोअर करून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइझ पिस्टन टाक, हेड उतरवून व्हॉल्व्ह लॅपिंग कर, क्रँकच्या बेअरिंग नव्या घाल. ७४ चं बोअर ७४.५ झालं की सीसी १३१६ होते, पण ती दुरुस्ती आहे. ब्लॉक तोच, नंबर तोच, आरसी तीच, आणि बाबांना अंधारात ठेवावं लागत नाही. नीट बांधलेलं ते इंजिन पहिले हजार किलोमीटर सांभाळून चालवलंस तर तुला तुझी गाडी नव्याने कळेल. उरलेल्या पैशांतून ब्रेक होज, व्हील सिलिंडर, शॉकॲब्सॉर्बर, लोअर आर्मचे बुश. माझा आग्रह आहे की ब्रेकचं काम इंजिनाच्या आधी कर.

चालवण्यातही थोडं आहे. हे सोळा व्हॉल्व्हचं इंजिन दोन हजार आरपीएमवर तिसऱ्यात घाट चढवायला बनवलेलं नाही. वळणाच्या आधी दुसरा टाक, काटा साडेतीन-चार हजारांवर ठेव, ते आनंदाने चढेल. आवाज वाढला म्हणून घाबरू नकोस, त्याला तो चालतो. पुढच्या वेळी खानापूरला जाताना बाबांना शेजारी बसव. घाटात गिअर कुठे टाकायचा आणि गाडी कुठल्या आवाजाला काय सांगते, हे शिकवायला कदंबच्या ड्रायव्हरपेक्षा चांगला माणूस तुला मिळणार नाही. कदाचित कॉम्प्रेशन टेस्टच्या आधी तेच सांगतील की दोष कुठे आहे.

चार सिलिंडरांचे चार आकडे, टायरचं माप आणि क्लचच्या चाचणीत काय झालं, एवढं लिहून पुन्हा पत्र पाठव. बोअर करायची गरज आहे की नुसत्या सर्व्हिसिंगवर भागेल, ते त्यावरून सांगता येईल.